सुक्या मगरीचं सूप

कॅनडात, विनिपेगमधल्या आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात मला खोकला झाला आणि तो जायचं नावच घेईना. पहिल्या हिवाळ्यात सगळ्याची नवलाई होती. बर्फात उभं राहून फोटो काढले, ते नागपूरला पाठवले, मावशीने फोनवर विचारलं की बर्फ खाऊन बघितला का. दुसऱ्या वर्षी बर्फ म्हणजे बाबांनी कामावर जायच्या आधी फावड्याने उपसायची, शोव्हल करायची गोष्ट, एवढंच उरलं. आम्ही एका चिनी कुटुंबाच्या घरात बेसमेंट भाड्याने घेतलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकाचा एक कोपरा आणि छताला टेकलेली बुटकी खिडकी, जिच्यातून हिवाळाभर बर्फाचा कापलेला थर दिसायचा, जणू केकचा तुकडा. सगळ्या घराला मिळून एकच फर्नेस होती आणि ती आमच्या वॉशरूमच्या भिंतीमागे होती. ती धडधडत सुरू झाली की पत्र्याच्या नळ्यांमधून गरम हवा घरभर फिरायची आणि त्याच नळ्यांतून वरचं सगळं खाली आणि खालचं सगळं वर जायचं. आमच्या फोडणीचा ठसका वर, त्यांच्या सुक्या मासळीचा वास खाली. वरचा जड सुरा लाकडी ठोकळ्यावर ठक्‌ठक् वाजायला लागला की आई म्हणायची, "चला, आजीबाईंचा स्वयंपाक सुरू झाला."

या आजीबाई म्हणजे पोपो. हे नाव नाही, त्यांच्या कॅन्टोनीज भाषेत आईच्या आईला पोपो म्हणतात. घर तिच्या लेकीचं आणि जावयाचं, पण ती दोघं दिवसभर त्यांच्या रेस्टॉरंटमध्ये असायची, त्यामुळे आमच्या लेखी घर पोपोचं आणि तिच्या नातीचं, जॅनिसचं. जॅनिस माझ्याच वयाची, माझ्याच शाळेत. माझ्याशी ती फक्त इंग्रजीत बोलायची. मी इथे तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे, त्यात तिचा तो खांदे उडवण्याचा सूर येत नाही हे मला कळतं. पोपोला इंग्रजी फारसं यायचं नाही आणि आईला कॅन्टोनीज अजिबात नाही. तरी दोघींचं जमायचं. पोपोच्या भाषेत 'हाय' म्हणजे 'होय', आणि आईच्या गावाकडेही 'हाय' म्हणजे जवळपास तेच, हे कळलं तेव्हा आई हसता हसता खुर्चीत बसली होती. आमच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती. पोपोने ती पहिल्यांदा बघितली आणि हात जोडले, मग छातीवर हात ठेवून बोट वर दाखवलं, म्हणजे माझ्याकडेही आहे. तिच्याकडे पांढऱ्या वस्त्रातली एक देवी होती आणि तिच्यापुढे संत्री. पौर्णिमेला आई मांस शिजवायची नाही, पोपोही नाही. "बुद्ध एकच," आई म्हणायची, "पण ही बाई संत्र्यालाही अगरबत्ती ओवाळते, त्याचं मला काही समजून नाही राहिलं."

तर माझा खोकला. डॉक्टरने पफर, म्हणजे इनहेलर, दिला. तो ओढला की तासभर बरं वाटायचं. आईने हळदीचं दूध दिलं, आलं-मध दिलं, सुंठ उगाळून दिली. एका शनिवारी तिने तव्यावर ओवा टाकून मला धुरी दिली, तेव्हा छतावरचा स्मोक अलार्म असा किंचाळला की बाबा अंघोळ अर्धी टाकून धावत आले आणि वरून पोपो कापडी चपला फटफटवत जिन्यावरून खाली आली. तिने धूर बघितला, तवा बघितला, टॉवेल डोक्यावर घेऊन खोकत बसलेली मी बघितली. मग वर गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन परत आली.

पिशवीत सुके काप होते. हाताच्या पंजाएवढे, मळकट पिवळसर, काठाला जाड खवलेदार साल. पोपोने एक काप आईच्या हातात दिला, माझ्या छातीकडे बोट दाखवलं, खोकून दाखवलं, मग हात हलवून खोकला पळून गेल्याचं दाखवलं. "थाँग," ती म्हणाली. थाँग म्हणजे सूप, एवढं आम्हाला माहीत होतं. आईने तो काप उलटा केला. नाकाजवळ नेला. आणि मी बघत होते, तिचा चेहरा एकदम कोरा झाला. शाळेत फळा ओल्या फडक्याने पुसतात तसा. तिने काप पिशवीत टाकला, पिशवी पोपोच्या हातात दिली आणि म्हणाली, "नो. नो, थँक यू." पोपोला वाटलं आईला समजलं नाही, म्हणून तिने पुन्हा खोकून दाखवलं. आई जवळजवळ ओरडलीच, "नो म्हटलं ना मी!" पोपो वर गेली. आईने तवा घासायला घेतला आणि तो स्वच्छ झाल्यावरही घासत राहिली.

मला काही समजेना. आमच्या घरात मटण, कोंबडी, अंडी सगळं शिजायचं. नागपूरहून येताना आईने सुकट आणली होती. विमानतळावर ती काढून घेतली तेव्हा आई दोन दिवस हळहळत होती. मग या कापांनी असं काय केलं? बाबांना विचारलं तर ते पेपर चाळत म्हणाले, "जाऊ दे. तिला नाही आवडत सुकं मांस." म्हणाले आणि वर बघितलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरनं दिलंय ना औषध? मग कायले पाहिजे दुसरं?" रागावली की तिच्या बोलण्यात गाव यायचं. शेवटी शाळेच्या बसमध्ये मी जॅनिसला विचारलं की ते होतं तरी काय. जॅनिसने आजूबाजूला बघून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "क्रोकोडाइल. दम्यावर देतात म्हणे. मी लहान असताना मलाही पाजलंय. प्लीज, शाळेत कोणाला सांगू नकोस." मी घरी येऊन आईला सांगितलं की ती मगर होती. मला वाटलं होतं ती दचकेल, किंवा हसेल, आणि प्रश्न सुटेल. ती म्हणाली, "मगर असो नाही तर कोंबडी असो. तसं वाळवलेलं माझ्या घरात नको." म्हणजे प्रश्न मगरीचा नव्हताच. मी आणखीच गोंधळले.

पोपोने मात्र मनावर घेतलं नव्हतं. माझा खोकला नळ्यांमधून तिला ऐकू जात असणारच. पुढच्या रविवारी सकाळपासून वर काहीतरी शिजायला लागलं. आमच्याकडे त्या दिवशी पाहुणे येणार होते, मीनल काकू आणि सतीश काका. आम्ही कॅनडात उतरलो त्या रात्री विमानतळावर आम्हाला घ्यायला आलेले हेच दोघे. आमच्यासाठी कोट, स्वेटर, जुना मायक्रोवेव्ह, सगळं त्यांनीच जमवलं होतं. आमची गाडी थंडीत सुरू झाली नाही की काका यायचे. त्या शहरात आमचं मराठी माणूस म्हणजे तेवढंच. बाबा त्यांच्याशी बोलताना जरा जपून बोलायचे. आमच्या आडनावावरून कोणाला काही कळायचं नाही आणि बाबांनीही कधी काही सांगितलं नव्हतं. मीनल काकू बुद्धाच्या मूर्तीला 'छान शोपीस' म्हणाल्या होत्या, तेव्हाही बाबा नुसते हसले होते. फोनवर नागपूरच्या कोणाशी ते 'जय भीम' म्हणायचे ते खणखणीत, पण काका-काकू असले की फोन घेऊन आतल्या खोलीत जायचे. हे मी बघत होते, पण त्याचा अर्थ लावत नव्हते. घरात जसं असतं तसं मुलांना सगळ्या जगात असतं असंच वाटतं.

आईने वांग्याची भाजी, भाकरी, कढी आणि पाटवडी केली होती. आम्ही जेवायला बसलो आणि फर्नेस सुरू झाली. वरचा वास खाली उतरला. तो वास मला आजही नेमका सांगता येत नाही. खजुरासारखं काहीतरी गोड, आलं, बदामाचा कडवटपणा आणि त्या सगळ्याखाली तळ्याच्या काठचा वास. मीनल काकूंनी घास थांबवला.

"कसला गं हा वास?"

मी, गाढव, उत्साहाने सांगितलं, "वर पोपो मगरीचं सूप करते आहे. खोकल्यासाठी. वाळवलेली मगर."

"ईऽऽ!" काकूंनी ओढणी नाकाला लावली. "शी! हे लोक काहीही खातात बाई. वाळवून ठेवतात, आणि मग तेच उकळून… मला तर मळमळायला लागलं. अगं, तुमची भांडी तरी वेगळी आहेत ना? आणि वॉशिंग मशीन? मी तर म्हणते, दुसरी जागा बघा. अशा लोकांच्या घरात राहून घास कसा उतरतो तुमच्या घशाखाली?"

काकूंच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, हे मला आजही वाटतं. त्या खरंच आमच्या काळजीने बोलत होत्या. बाबा घाईघाईने म्हणाले, "बघतोच आहोत दुसरी जागा, उन्हाळ्यात…" आणि आई उठली. हात धुतले, पुसले आणि जिना चढून वर गेली. आम्हाला वाटलं, ती वास येतोय म्हणून सांगायला गेली. काकू म्हणाल्याही, "बरं झालं, स्पष्ट सांगितलेलं बरं." थोड्या वेळाने आई खाली आली ती हातात झाकणाचं भांडं घेऊन. मागे जिन्यावर पोपो वाटी-चमचे घेऊन उभी होती. पाहुणे बघून ती तिथेच थांबली.

आईने भांडं जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं. झाकण काढलं. फिकट सोनेरी पाणी, त्यात लाल बोरांसारखी फळं, आल्याचे काप आणि ते मांस, आता फुगून मऊ झालेलं, सालीसकट थरथरणारं. आईने एक वाटी माझ्यापुढे ठेवली आणि एक स्वतः घेतली. वाटीवर वाकून तिने डोळे मिटून वास घेतला, बराच वेळ. मग म्हणाली, "नाही. हा तो वास नाही. वेगळाच आहे." हे ती कोणाशी बोलली, मला कळलं नाही. मग ती ते सूप प्यायली. एक घोट, दुसरा घोट, चमचा न वापरता, वाटी तोंडाला लावून.

"अगं, काय करतेस तू!" मीनल काकू म्हणाल्या.

आईने वाटी खाली ठेवली आणि शाळेत धडा समजावतात त्या आवाजात, काकूंकडे बघत, बोलायला लागली. "मी सात-आठ वर्षांची असेन. दुष्काळ होता. मी आजीकडे होते, खेड्यावर. आमच्या लोकांनी बौद्ध झाल्यावर मेलेल्या ढोराचं मांस खाणं सोडलं होतं. माझ्या आजीनंही सोडलं होतं, शपथ घेऊन. पण त्या वर्षी घरात दाणा नव्हता आणि गावात ढोरं मरत होती. आजीनं मांस आणलं, पट्ट्या कापल्या, दोरीवर वाळवल्या. चान्या म्हणतात त्याले. तुम्ही ऐकलं नसेल. एक चानी मी दप्तरात घालून शाळेत नेली, भूक लागली की चघळायला. बाईंना वास आला. बाईंनी नाकाला पदर लावला आणि, तुम्ही आता केलं ना, तसंच केलं. मला पटांगणात बसवलं. शाळा सुटेपर्यंत मी उन्हात बसून होते, आणि जाता-येता पोरं मला बघून नाक दाबून जात होती."

फर्नेस बंद झाली. बाबा ताटातल्या भाकरीकडे बघत होते.

"मला माहीत नव्हतं," मीनल काकू म्हणाल्या. "म्हणजे, मी या लोकांबद्दल बोलत होते… मला माहीत नव्हतं की तुम्ही…"

"आम्ही काय?" आईने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

तेव्हा सतीश काकांनी, जे एरवी जेवताना हवामानापलीकडे बोलत नसत, आपली कढीची वाटी रिकामी केली आणि पुढे सरकवली. "वहिनी, मलाही द्या थोडं. मलाही खोकला असतोच." आईने वाढलं. काकांची जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, तरी ते प्यायले आणि म्हणाले, "खीर आणि काढा एकत्र केल्यासारखं लागतंय." जिन्यावरून पोपोने विचारलं, "हो? हो?" तिच्या भाषेत 'हो' म्हणजे 'छान'. काका म्हणाले, "हो, हो."

मीही प्यायले. मांस कोंबडी आणि मासा यांच्या मधलं काहीतरी होतं, साल चिकट. पण चवीकडे माझं लक्षच नव्हतं. त्या क्षणी मला आईचा अभिमान वाटला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मला लाज वाटली, आणि लाज नेमकी कशाची तेही उमगेना. चान्यांची? काकूंच्या ओढणीची? बाबांच्या खाली घातलेल्या मानेची? आणि सगळ्यांत जास्त मला राग आला होता की ही गोष्ट आईने इतकी वर्षं मला सांगितली नाही आणि सांगितली ती पाहुण्यांना, जेवणाच्या टेबलावर.

काका-काकू चहा न घेता गेले. रस्ते निसरडे होतील म्हणाले. बाबा त्यांच्यामागोमाग बाहेर गेले आणि शोव्हल केलेलाच ड्राइव्ह-वे पुन्हा शोव्हल करत बसले. आत आले तेव्हा त्यांच्या मिशांवर बर्फ होता. "काय गरज होती?" ते म्हणाले. "आपण ते सगळं मागे टाकून आलो ना?"

"तुम्ही टाकून आले असाल," आई म्हणाली. "माझ्यासोबत आलं ते."

"चांगली माणसं आहेत ती."

"मी कुठं म्हटलं वाईट आहेत?"

त्या रात्री भांडी मी घासली.

आठवड्याभराने मीनल काकूंचा फोन आला. आईने स्पीकरवर लावला होता, कारण ती कणीक मळत होती. काकू खूप गोड बोलल्या. म्हणाल्या, "मला काही म्हणजे काही वाटत नाही हं त्याचं. आम्ही असलं काही मानतच नाही. तू मनात ठेवू नकोस." आई "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने कणकेचा गोळा परातीत असा आपटला की मी दचकले. मला वाटलं होतं, काकू किती समजूतदारपणे बोलल्या! मी तसं म्हटलंही. आई माझ्याकडे बघत राहिली. "मितू," ती म्हणाली, "माझं काय चुकलं होतं, जे तिला काही वाटत नाही?" काका-काकूंचं येणं-जाणं पुढेही चालू राहिलं. गाडी बंद पडली की काका यायचेच. काकूंनी मात्र आमच्याकडे पुन्हा कधी जेवण घेतलं नाही. कधी उपवास असायचा, कधी नुकतंच खाल्लेलं असायचं. तो योगायोग होता का, हे मी कधी ठरवू शकले नाही.

सूप मात्र चालू राहिलं. दर रविवारी पोपो भांडं आणायची आणि मी प्यायचे. मार्चअखेर माझा खोकला गेला. पोपोच्या मते मगरीमुळे. डॉक्टरच्या मते पफरमुळे. बाबांनी त्याच सुमारास फर्नेसचा काळाकुट्ट फिल्टर बदलला होता, त्यामुळे त्यांच्या मते फिल्टरमुळे. आई म्हणायची, "गेला ना? मग पुसून काय करतेस?"

मी आता कॅनडातल्याच मिल्टन गावात राहते. माझ्या लेकीला मराठी समजतं, पण उत्तरं इंग्रजीत येतात. आई जाऊन काही वर्षं झाली. तिला मी मोठेपणी दोनदा विचारलं होतं की तू त्या दिवशी वर का गेलीस. एकदा म्हणाली, "मीनलचं तोंड पाहून राग आला." दुसऱ्यांदा म्हणाली, "राग कशाचा? दमले होते मी." दोन्ही खरं असेल. दोन्ही मिळूनही पुरं होत नाही. ज्या वस्तूचा वासही तिला सोसत नव्हता, ती तिने वाटी तोंडाला लावून प्यावी, आणि वर म्हणावं की हा तो वास नाही. मग इतके दिवस ती कशाला भीत होती? आणि वास तोच निघाला असता तर तिने वाटी खाली ठेवली असती का?

त्याच वसंतातला एक दिवस मला राहून राहून आठवतो. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. मी आणि जॅनिस शाळेतून एकत्र आलो. आमच्या दाराला कुलूप होतं, म्हणून मी तिच्यामागोमाग वर गेले. स्वयंपाकघराच्या टेबलाशी आई आणि पोपो समोरासमोर बसल्या होत्या. दोघी पालेभाजी निवडत होत्या आणि आई बोलत होती. मराठीत. तेही माझ्या ओळखीच्या मराठीत नाही. हेल काढून, शब्द गिळून, तिच्या खेड्यावरच्या बोलीत, जी तिने आमच्याशी कधी वापरली नव्हती. मला मधेच एखादा शब्द कळायचा. आजी. गाडगं. विहीर. पोपो माना डोलावत होती, "हाय, हाय" म्हणत होती, अगदी जिथे म्हणायला हवं तिथेच. आई थांबली. मग पोपो बोलायला लागली, तितकंच लांब, तितकंच भरभर. मधेच तिने हात जमिनीपासून थोडा वर धरला, एवढंसं लेकरू, आणि मग तो हात तसाच हवेत राहिला. आई म्हणाली, "हो न माय. हो न."

आम्ही दोघी दारातच उभ्या होतो, चिखलाच्या बुटांसकट.

"पोपो काय सांगतेय?" मी जॅनिसला हळूच विचारलं.

जॅनिस कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. "नीट कळत नाही," ती म्हणाली. "ही तिच्या गावाची भाषा आहे, आमच्याशी ती अशी बोलत नाही. काहीतरी नदीबद्दल. आणि बहीण. तिला बहीण होती हे मला माहीतच नव्हतं." मग तिने मला विचारलं, "आणि तुझी आई?"

"मलाही नीट कळत नाही," मी म्हटलं.

आईने मान वळवून आमच्याकडे बघितलं. तिचे डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "दार लावा गं पोरींनो," ती म्हणाली. "गारठा आत येऊन राहिला."